पंचविसांच्या यादीतली घरची पोरं

२ नोव्हेंबर १९९४ रोजी मँचेस्टर युनायटेडचा संघ बार्सिलोनाच्या मैदानावर उतरला, तेव्हा त्यांचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक पीटर श्मायकेल संघाबाहेर होता. दुखापत नव्हती, फॉर्मही उत्तम होता. पण तो डॅनिश होता. त्या काळी युरोपीय स्पर्धांमध्ये संघाला तीनच परदेशी खेळाडू उतरवता येत. त्याखेरीज क्लबच्या देशात सलग पाच वर्षं, त्यातली तीन कुमार गटात खेळलेले आणखी दोघे चालत. इंग्लिश क्लबसाठी स्कॉटिश, वेल्श, आयरिश खेळाडूही परदेशीच धरले जात. प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी गॅरी वॉल्शला गोलमध्ये उभं केलं आणि युनायटेडने ४-० असा मार खाल्ला.

पुढच्याच वर्षी हा नियम मोडीत निघाला. बेल्जियमच्या लिएज क्लबचा ज्याँ-मार्क बोसमन याचा करार संपला होता, तरी त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जाता येईना. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: करार संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या देशात जाताना क्लबने पैशांसाठी अडवायचं नाही आणि युरोपीय संघाच्या नागरिकांना ‘परदेशी’ म्हणून मोजायचं नाही. खेळाडूंच्या हक्काच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. पण श्रीमंत क्लबना सगळा युरोप मोकळा झाला. २६ डिसेंबर १९९९ रोजी साउदॅम्प्टनविरुद्ध चेल्सीच्या पहिल्या अकरांत एकही ब्रिटिश नव्हता. १४ फेब्रुवारी २००५ रोजी तर आर्सेनलच्या राखीव धरून सोळा जणांत एक इंग्लिश नाव सापडत नव्हतं.

मग युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, वेगळी वाट काढली. पासपोर्ट विचारायची सोय उरली नव्हती, म्हणून ‘खेळ कुठे शिकलास?’ असं विचारायला सुरुवात केली. २००६-०७ पासून हा नियम टप्प्याटप्प्याने आला आणि २००८-०९ पासून पंचवीस जणांच्या यादीत आठ जागा ‘होमग्रोन’ खेळाडूंसाठी ठेवल्या गेल्या. वयाच्या १५ ते २१ या काळात तीन वर्षं त्या क्लबमध्ये किंवा त्या देशातल्या क्लबमध्ये नोंदणी असली की झालं. आठांपैकी किमान चार त्याच क्लबमध्ये घडलेले हवेत, बाकीचे त्या देशातल्या कुठल्याही क्लबचे चालतात. तेवढे मिळाले नाहीत, तर जागा रिकाम्या ठेवायच्या. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०१०-११ मध्ये आपला नियम आणला: पंचविसांत होमग्रोन नसलेले जास्तीत जास्त सतरा. २१ वर्षांखालच्या मुलांचं नाव यादीत घालावंच लागत नाही. मात्र ‘आपल्याच क्लबचे’ चार ही अट तिथे नाही, आणि माझ्या मते या नियमाची खरी दुखरी नस हीच आहे.

सेस्क फॅब्रेगासचं उदाहरण घ्या. बार्सिलोनाच्या ‘ला मासिया’ अकादमीतला हा पोरगा २००३ मध्ये सोळाव्या वर्षी आर्सेनलला गेला. इंग्लंडच्या नियमाने तो होमग्रोन ठरला. २०११ मध्ये तो बार्सिलोनाला परतला, तेव्हा युएफाच्या हिशेबात तो त्यांच्या अकादमीचा नव्हता, कारण पंधरानंतरची तीन वर्षं तिथे भरलीच नव्हती! उलट इंग्लंडकडून खेळलेला एरिक डायर लिस्बनच्या स्पोर्टिंगमध्ये वाढला, म्हणून टॉटनहॅमला आल्यावर तो होमग्रोनमध्ये बसेना.

मँचेस्टर सिटीचा स्कॉट कार्सनही बघा. लीड्समध्ये घडलेला हा इंग्लिश गोलरक्षक २०१९ मध्ये सिटीत आला तो तिसरा गोलरक्षक म्हणून. कितीतरी हंगाम तो तिथे होता आणि खेळला दोन सामने. पहिला मे २०२१ मध्ये न्यूकॅसलविरुद्ध. त्यात त्याने जो विलकची पेनल्टी अडवली, पण परत आलेल्या चेंडूवर विलकनेच गोल केला. कार्सनच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण तिशी उलटलेल्या, दुसरीकडे घडलेल्या खेळाडूनेही होमग्रोनची जागा भरते, हे नियम करणाऱ्यांनी डोळ्यांआड करू नये.

इंग्लंडमध्ये पोरं खरोखर घडली ती अकादम्यांत पैसा आणि माणसं ओतल्यामुळे. २०१२ मध्ये अकादम्यांची नवी योजना आली. चार श्रेणी, जास्त तास सराव, पूर्णवेळ प्रशिक्षक. नव्वद मिनिटांच्या प्रवासापलीकडची मुलं घ्यायची नाहीत, हे बंधन वरच्या श्रेणीसाठी उठलं. याची किंमत छोट्या क्लबनी मोजली. त्यांच्याकडची मुलं ठरावीक भरपाईवर मोठे क्लब नेऊ लागले. ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये अकादमीच बंद केली.

फळ दिसलं ते आपल्या डोळ्यांसमोर. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. २८ ऑक्टोबरला कोलकात्यात इंग्लंड स्पेनविरुद्ध ०-२ असा मागे होता आणि जिंकला ५-२. फिल फोडनने दोन गोल केले आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. फोडन लहानपणापासून सिटीचाच. पुढच्याच महिन्यात, सतराव्या वर्षी, त्याला सिटीने चॅम्पियन्स लीगमध्ये उतरवलं. त्याला कुठलीही राखीव जागा लागली नाही. त्याला लागला तो विश्वास टाकणारा प्रशिक्षक.

२१ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय न्यायालयाने रॉयल अँटवर्प प्रकरणात सांगितलं की होमग्रोनचे नियम स्पर्धा आणि मुक्त संचाराच्या कायद्याविरुद्ध जाऊ शकतात; अंतिम निर्णय बेल्जियमच्या न्यायालयाने करायचा. नियम टिकवायचा असेल, तर ‘देशात कुठेही घडलेला’ ही पळवाट बंद करून आपल्याच अकादमीतल्या मुलांना वजन द्यावं.

पोरं अकादमीत आणि सामन्यांत घडतात, हे भारतानेही ओळखायला हवं. इंडियन सुपर लीगने २०२१-२२ पासून मैदानावरच्या परदेशी खेळाडूंची संख्या चारवर आणली, हे चांगलंच झालं. पण २०१७ च्या आपल्या संघातला कोल्हापूरचा अनिकेत जाधव घडला तो बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि नंतर पुण्याच्या क्लब अकादमीत. त्या संघातल्या पोरांना विश्वचषकानंतर वरच्या पातळीवर सामने मिळाले ते भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘इंडियन अ‍ॅरोज’ संघामुळे, आणि तो संघ २०२२ मध्ये बंद झाला. परदेशी खेळाडू कमी करणं सोपं आहे. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना दर आठवड्याला मोठ्यांविरुद्ध सामना देणं खर्चाचं आहे, आणि ते आपल्या क्लबनी आता अंगावर घ्यावं.