खेळ अडखळतो, प्रोसेसर तापतो. खर्चापूर्वी तपासणी हवी

वाराणसी : मे-जून महिन्यांत येथील पारा ४४-४५ अंशांवर पोहोचतो. अशा दिवसांत वातानुकूलन नसलेल्या खोलीतील लॅपटॉपवर एखादा मोठा खेळ काही काळ सुरळीत चालतो आणि नंतर अडखळू लागतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ९० टक्क्यांच्या वर दिसतो आणि नवा लॅपटॉप घेण्याचा विचार सुरू होतो. तो खर्च करण्यापूर्वी हा आकडा नेमके काय सांगतो, हे पाहणे आवश्यक आहे.

वापराचा आकडा मोठा असणे हा बिघाड नव्हे. मर्यादा घातली नसेल, तर खेळ शक्य तितक्या फ्रेम, म्हणजे चित्रचौकटी, तयार करीत राहतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. त्यांपैकी एखादीला १०० मिलिसेकंद लागले, तर सरासरी फारशी घसरत नाही, पण डोळ्यांना धक्का जाणवतो.

याउलट, एकूण वापर कमी असूनही प्रोसेसर अपुरा पडत असू शकतो. बहुतेक खेळांचे मुख्य काम एकाच थ्रेडवर अवलंबून असते. १६ लॉजिकल प्रोसेसरपैकी एकाइतकीच क्षमता पूर्ण वापरली गेली, तर एकूण आकडा जेमतेम ६ टक्के भरतो. त्यामुळे साधी कसोटी अधिक विश्वासार्ह ठरते : रिझोल्युशन कमी करावे. फ्रेमची संख्या वाढली तर मर्यादा ग्राफिक्स कार्डाची, न वाढल्यास बहुधा प्रोसेसरची. दुसऱ्या स्थितीत खेळातील गर्दी आणि दृश्याचा पल्ला कमी केल्याने लाभ होतो.

सुरुवातीला सुरळीत असलेला खेळ काही वेळाने अडखळत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. तापमान १०० अंशांच्या आसपास गेले की बहुतेक लॅपटॉपमधील प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ वेग घटवतात. टास्क मॅनेजरमधील वेगाचा आकडा तेव्हा खाली येतो, वापराचा मात्र वरच राहतो. पंख्यातील धूळ काढणे आणि हवेची वाट मोकळी ठेवणे हे उपाय सर्वपरिचित आहेत. फ्रेमची संख्या ६० किंवा ४० वर मर्यादित करणे हा विनाखर्चाचा उपाय मात्र उगाच दुर्लक्षिला जातो. येथील बीएचयूच्या आयआयटीत २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या, सी-डॅकने उभारलेल्या ‘परम शिवाय’ महासंगणकालाही शीतकरणावाचून चालत नाही. मग पलंगाच्या गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची काय कथा! वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा लॅपटॉप वेग कमी करतो, हेही ध्यानात ठेवावे.

नव्या प्रदेशात प्रथमच शिरताना बसणारा झटका वेगळा. दृश्य रंगविणारे शेडर नावाचे छोटे प्रोग्राम त्या क्षणी ग्राफिक्स कार्डासाठी तयार होत असतात आणि तो भार प्रोसेसरवर पडतो. दुसऱ्या फेरीत त्याच जागी खेळ सुरळीत चालला, तर कारण बहुधा हेच असते. खेळ सुरू होताना शेडर तयार करण्याची प्रक्रिया दिसल्यास ती पूर्ण होऊ द्यावी. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत केल्यावर हे काम पुन्हा करावे लागते. त्यामुळे त्यानंतरचे पहिले काही झटके अपेक्षितच असतात.