फणसाडला जाताना काय घालावं? सांबराच्या डोळ्यांनी बघू या

काशीदच्या वाळूत उभं राहून मागे वळलं की सुरूच्या झाडांपलीकडे डोंगर दिसतो. त्याच रांगेत फणसाड अभयारण्य आहे. एकेकाळी हे जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. १९४८ साली संस्थान विलीन झालं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९८६ साली इथे अभयारण्य झालं. आता बंदुकीच्या जागी कॅमेरा आलाय. पण नवाबाच्या पाहुण्यांना पडत असेल तो प्रश्न आपल्यालाही पडतोच: जनावराने आपल्याला आधी बघू नये म्हणून अंगात काय घालायचं?

माझा पीएचडीचा विषय प्राण्यांची दृष्टी, त्यामुळे हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा इंटरनेटवरची आफ्रिकन सफारीची यादी वाचलेली असते. त्यात हमखास लिहिलेलं असतं की निळे आणि काळे कपडे टाळा. तिथे ते बरोबर आहे, कारण त्सेत्से माशी या रंगांकडे ओढली जाते. ती माशी आपल्याकडे नाही. तरीही जीन्स घरीच ठेवा असं मी म्हणेन, पण त्याचं कारण वेगळं आहे.

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी तीन प्रकारच्या असतात, तर हरणांच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या. जेराल्ड जेकब्ज, जे नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हरणांच्या डोळ्यांची विद्युत-मोजणी करून १९९४ साली हे दाखवलं. त्यांच्या एका प्रकारच्या पेशी निळ्याला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि दुसऱ्या हिरव्याला. लाल-नारिंगीसाठी वेगळी पेशीच नाही. सांबर आणि भेकर त्याच कुळातले. म्हणजे बघा, आपल्याला भडक वाटणारा नारिंगी शर्ट सांबराला पाचोळ्यासारखा मळकट दिसणार आणि आपल्याला साधी वाटणारी निळी जीन्स उठून दिसणार.

अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत शिकाऱ्यांना नारिंगी जाकीट सक्तीचं असतं, ते याच फरकावर. हरणाला ते दिसत नाही आणि दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून दिसतं. आपल्याकडे चोरून शिकार करणारा अर्थातच असलं काही घालत नाही. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकराच्या मागे गेलेल्यांनी जनावर समजून आपल्याच साथीदाराला गोळी घातली. म्हणून अभयारण्याबाहेरच्या रानात संध्याकाळनंतर फिरायची वेळ आली तर लपायच्या रंगांचा नाद सोडा. माणसाला दिसणं जास्त महत्त्वाचं.

पक्षी बघायला जाणाऱ्यांना मात्र ही नारिंगी युक्ती चालणार नाही. बहुतेक पक्ष्यांकडे चार प्रकारच्या शंकू पेशी असतात, म्हणजे ते आपल्यापेक्षा एक पाऊल पुढेच. तिथे मातकट किंवा शेवाळी रंगच बरा. पावसाळ्यानंतर शेवाळी, फेब्रुवारीनंतर मातकट. ‘खाकी’ हा शब्दच मुळी फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ यावरून आलाय. लष्करी छापाचे कपडे मात्र नकोत. त्यांचा उपयोग बेताचा, आणि वनरक्षकाला संशय आला तर अर्धा दिवस खुलासे देण्यात जायचा.

आता माझा आवडता मुद्दा: धुण्याची पावडर. पांढरे कपडे झळकवणारं टिनोपाल आठवतंय? तसलीच द्रव्यं आज कित्येक पावडरींमध्ये आधीच मिसळलेली असतात. ती अतिनील प्रकाश शोषतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. हा निळा म्हणजे नेमका हरणाच्या निळ्या पेशींच्या आसपासचा! सांज-सकाळी उजेड निळसर असतो, तेव्हा खाकी शर्टही त्यांना आपल्यापेक्षा उजळ दिसू शकतो. तपासायचं असेल तर खोट्या नोटा ओळखायच्या जांभळ्या दिव्याखाली अंधारात शर्ट धरा. निळा उजळला तर समजा. रानात जायचे कपडे वेगळे ठेवून रिठ्याने धुवावेत. झळाळी एकदा बसली की लवकर जात नाही, म्हणून सुरुवात नव्या शर्टापासून करा. पण तो शर्टही दिव्याखाली बघून घ्या, कारण कारखान्यातच ही द्रव्यं लावलेली असू शकतात.

एवढं करून सळसळणारं नायलॉनचं विंडचीटर घातलंत तर सगळं मुसळ केरात. आवाज आणि हालचाल यांच्यापुढे रंगाचं काही चालत नाही.

रंगाइतकीच वीण महत्त्वाची, आणि याकडे कुणी लक्ष देत नाही. कोकणातल्या दमट हवेत पातळ, घट्ट विणीचा सुती कापड उत्तम. थंड डोंगरात ओला सुती कपडा धोक्याचा असतो, इथे तो उलट गारवा देतो. बाह्या लांब हव्यात आणि पँट मोज्यांत खोचलेली. दिसतं बावळट, पण गोचीड गवतावरून पायावर चढते आणि पुढे वरवर जाते. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून गोचिडीतून माकडताप पसरलाय, तेव्हा ही सवय कोकणभर असलेली बरी. फिकट कापडावर गोचीड पटकन दिसते, म्हणून पँट मातकट निवडा.

टी-शर्टसारखं विणलेलं किंवा लव असलेलं कापड नको, कारण त्यात कुसळं रुततात. त्याहून वाईट म्हणजे खाजकुइली. तिच्या शेंगेवरच्या सोनेरी लवेत म्युकुनेन नावाचं प्रथिने तोडणारं विकर असतं. ते थेट मज्जातंतूंना चाळवतं. ही खाज नेहमीच्या ॲलर्जीसारखी हिस्टामीनमुळे येत नाही, म्हणून ॲलर्जीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. लागली तर चोळू नका. शर्ट जपून काढा, कातडीवरची लव चिकटपट्टीने उचला, मग पाण्याने धुवा. आणि तो शर्ट घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका, नाहीतर टॉवेलमधून ती आजोबांपर्यंत पोचेल.