तपासणीचा अहवाल आणि त्याचा अर्थ

शिबिरांसाठी देणगी देऊ इच्छिणारे हितचिंतक आम्हांस आवर्जून विचारतात : तिसगाव परिसरातील प्रत्येकाची सर्व आजारांसाठी एकदाच तपासणी का करू नये? या प्रश्नामागील सद्भावना आम्ही जाणतो. तथापि तपासणीची पारख कशी होते, हे येथे मांडणे आवश्यक वाटते.

शंभर रुग्णांपैकी कितीजणांचा आजार तपासणी पकडते, ही तिची संवेदनशीलता. शंभर निरोगी व्यक्तींपैकी कितीजणांना ती निरोगी ठरविते, ही तिची विशिष्टता. समजा, एका तपासणीत हे आकडे अनुक्रमे ९० व ९५ आहेत. कागदावर ती उत्तमच दिसते. आता ती हजार ग्रामस्थांवर केली व त्यांत रुग्ण दहाच असले, तर नऊ सापडतील; परंतु ९९० निरोगी लोकांपैकी सुमारे पन्नासजणांच्या हातीही ‘आजार आहे’ असा कागद पडेल. तीच तपासणी डॉक्टरांनी लक्षणे पाहून निवडलेल्या हजारजणांवर केली व त्यांत दोनशे रुग्ण असले, तर १८० निष्कर्ष खरे व ४० खोटे ठरतील. यंत्र तेच, रसायन तेच. बदलली ती माणसे. ऊसतोडीची उचल घेतलेल्या कुटुंबास अशा एका खोट्या कागदापायी नगरच्या फेऱ्या घालाव्या लागतात, मजुरी बुडते ती वेगळीच.

रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयरोग ओळखणाऱ्या तपासण्यांवर केंद्र सरकारने २०१२ साली बंदी घातली, ती अशाच चुकीच्या निष्कर्षांमुळे.

आजार सापडला तरी प्राण वाचतात का, हा याहून कठीण प्रश्न. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच मिळाले. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास झाला. त्यांचे चार गट केले होते. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ वर्षांत, नेहमीचीच सेवा मिळालेल्या सुमारे ३१ हजार स्त्रियांत या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले. एचपीव्ही विषाणूची तपासणी देऊ केलेल्या ३४ हजारांत ३४. पॅप तपासणी आणि सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत, या दोन्ही गटांत मृत्यूंतील घट निश्चितपणे सिद्ध झाली नाही. एका गटास तपासणीविना ठेवले गेले, ही बाब आम्हांस आजही खटकते. मात्र तेथे तपासणीची एकच फेरी झाली होती, हे हंगामी स्थलांतर करणाऱ्या आपल्या भगिनींच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

म्हणूनच शिबिराच्या अंदाजपत्रकात खात्रीची दुसरी तपासणी, ने-आण व उपचार यांचाही खर्च आम्ही धरतो. त्यामुळे तपासलेल्यांची संख्या घटते व शिबिर महाग दिसते, याची आम्हांस जाणीव आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांस विनंती, की शिबिरातील अहवाल सदोष आल्यास डॉक्टरांना दाखविल्याविना औषध सुरू करू नये. आणि तो निर्दोष असूनही त्रास चालू राहिल्यास रुग्णास पुन्हा अवश्य घेऊन यावे.