शक्तीच्या स्पर्धा आणि आपले दिव्यांग खेळाडू

मराठी माणूस पोटासाठी परमुलखात गेला की त्याच्या मागोमाग गणपती, भजनी मंडळ आणि तालीम ही तीन बिऱ्हाडेही येतात, असे विनोदाने म्हटले जाते. चलथाणच्या आपल्या मंडळींकडे पाहिले तर त्यात फारशी अतिशयोक्ती वाटत नाही. ताप्ती व्हॅलीच्या गाडीने खानदेशातून आलेली, कोणी साखर कारखान्याच्या तर कोणी मागांच्या आधाराने येथे स्थिरावलेली ही कुटुंबे. दंड-बैठका आणि वजन उचलण्याच्या चढाओढी त्यांस नव्या नाहीत. न्यासाच्या ह्या महोत्सवी वर्षात व्यायामशाळेसाठी नवे साहित्य घ्यावे, शक्तीच्या स्पर्धा मोठ्या प्रमाणावर भरवाव्या, असा विचार सभासदांत चालू आहे. त्या विचारात एक गोष्ट वेळीच यावी म्हणून हा लेख. साहित्य एकदा आले आणि ओटा एकदा बांधला, म्हणजे मागाहून तो फोडणे कोणाच्याही जिवावर येते.

आपल्या वस्तीत पोलिओने पाय अधू झालेले प्रौढ आहेत. यंत्रात हात सापडलेले कामगार आहेत. हमरस्ता दाराशीच असल्याने अपघातात पाय गमावलेले तरुणही आहेत. स्पर्धेच्या दिवशी ही मंडळी येतात, टाळ्या वाजवितात आणि घरी जातात. अंगात ताकद नाही म्हणून ती उतरत नाहीत असे कोणास वाटत असेल, तर जो मनुष्य वीस वर्षे कुबड्यांवर हिंडला आहे किंवा हातांनी तीनचाकी ओढीत आला आहे, त्याच्याशी त्याने एकदा पंजा लढवून पाहावा. ताकद आहे, ती मोजण्याची आपली मांडणी मात्र धडधाकट माणसाच्या मापाने केलेली आहे. ह्या बांधवांना पूर्वी आपण अपंग म्हणत असू, येथील गुजराती शेजारी विकलांग म्हणतात, आता दिव्यांग हा शब्द रूढ झाला आहे. नाव तीनदा बदलले, पण व्यासपीठाच्या चार पायऱ्या होत्या तेथेच आहेत.

मांडणी म्हणजे काय, हे एका खेळावरून नीट समजते. पॉवरलिफ्टिंगमध्ये सर्वसाधारण खेळाडू तीन प्रकारे वजन उचलतो: खांद्यावर बार घेऊन बैठक मारणे, बाकावर उताणे पडून छातीवरून बार वर ढकलणे, आणि जमिनीवरून बार उचलून ताठ उभे राहणे. ह्यांपैकी मधला प्रकार, ज्यास बेंचप्रेस म्हणतात, तेवढाच दिव्यांगांच्या पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये ठेवलेला आहे. पायांत किंवा कमरेत अधूपणा असलेल्या खेळाडूंसाठी हा खेळ आहे. आता बाकाकडे पाहा. नेहमीच्या स्पर्धेतील बाक सुमारे 30 सेंटिमीटर रुंद असतो. एवढ्या अरुंद फळीवर धडधाकट मनुष्य स्थिर राहतो तो त्याचे दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकलेले असतात म्हणून. आणि त्या पायांच्या रेट्याचा थोडा उपयोग त्याला वजन ढकलतानाही होतो. ज्याच्या पायांत बळ नाही किंवा ज्याला पायच नाहीत, त्याला त्याच फळीवर निजविले तर तो बारासकट कलंडेल. म्हणून पॅरा पॉवरलिफ्टिंगचा बाक 2.1 मीटर लांब आणि 61 सेंटिमीटर रुंद केलेला असतो. फक्त डोक्याकडे तो निमुळता होऊन 30 सेंटिमीटर राहतो, म्हणजे खांद्यांना हालचालीस वाव मिळतो. उंची 45 ते 50 सेंटिमीटर. खेळाडू संपूर्ण शरीर, पाय धरून, त्या बाकावर ठेवतो, आणि हवे असल्यास पट्ट्यांनी बांधून घेतो. पायांचा रेटा त्याला मुळीच मिळत नाही. रुंद बाक ही सवलत आहे असे म्हणणाऱ्याने हा हिशेब जरूर मांडून पाहावा.

बाकीचे नियम कडकच आहेत. नाव पुकारल्यापासून दोन मिनिटांत उचलणे सुरू झाले पाहिजे. बार छातीवर येऊन क्षणभर निश्चल थांबला पाहिजे, दोन्ही हात सारखे वर गेले पाहिजेत, कोपरे सरळ झाली पाहिजेत. तीन पंच, प्रत्येकाच्या हाती पांढरा किंवा लाल दिवा, आणि बहुमताचा निर्णय. संधी तीनच. कोपर सरळ होण्यात ज्याला 20 अंशांहून अधिक उणीव आहे त्याला ह्या खेळात उतरता येत नाही, कारण मग वजन पुरते वर गेले की नाही हे ठरविणेच अशक्य होते. ज्याचा पाय कापलेला आहे त्याच्या शरीरवजनात नियमाने ठराविक भर घालतात; न घातली तर तो उगाच हलक्या गटात जाऊन बसेल आणि दुसऱ्यावर अन्याय होईल. इतका बारीक विचार केलेला पाहिला म्हणजे ह्या खेळाला दयेचा खेळ म्हणण्याची सोय राहत नाही.

पॅरालिम्पिकमध्ये वजन उचलण्याचा खेळ प्रथम 1964 साली टोकियोस आला, तो फक्त पाठीच्या कण्यास इजा झालेल्या पुरुषांसाठी. स्त्रियांना त्यात यावयास 2000 सालचे सिडनी उजाडावे लागले. 2016 साली रिओ येथे इराणच्या सियामंद रहमानने 310 किलो वजन ढकलले. तीन क्विंटलांहून अधिक. उसाच्या हिशेबात बोलणाऱ्या आपल्या मंडळींना निराळे सांगावयास नको. भारताच्या राजिंदरसिंग रहेलूने 2004 साली अथेन्स येथे कांस्यपदक मिळविले, आणि हरियाणाच्या सुधीरने 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक. दोघांचेही पाय लहानपणी पोलिओने अधू झालेले. 2014 साली भारत पोलिओमुक्त ठरला ही केवढी आनंदाची गोष्ट! परंतु त्याआधीची जी पिढी आहे ती आपल्यात अजून आहे, आणि तिचे वय खेळण्याचे, निदान शिकविण्याचे, नक्कीच आहे.

सुधीरच्या सुवर्णपदकात आपल्यासारख्या लहान संस्थांनी शिकण्याजोगी एक गोष्ट आहे. लहान स्पर्धेची खरी अडचण अशी की प्रत्येक वजनगटात खेळाडू एक किंवा दोनच. मग एकट्याने उतरून एकट्यानेच पहिला क्रमांक घ्यावयाचा, ह्यात कोणाला उमेद वाटावी? पॅरिसच्या 2024 सालच्या पॅरालिम्पिकमध्ये पुरुषांचे 10 व स्त्रियांचे 10 गट होते, ते तेथे शोभतात. राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र हलका आणि भारी असे दोनच गट करून, उचललेले वजन आणि शरीराचे वजन ह्यांच्या सूत्राने गुण काढतात. सुधीरने 212 किलो उचलून 134.5 गुण मिळविले. रौप्यपदक मिळविणाऱ्या नायजेरियाच्या खेळाडूने 197 किलोच उचलले, पण तो वजनाने हलका असल्याने त्याचे गुण 133.6 भरले. पंधरा किलोंचा फरक, आणि झुंज एका गुणाच्याही आतली! आपल्याकडे सहा किंवा सात खेळाडू जमले तरी ह्या रीतीने चांगली चुरस होईल. गणिताचे एक शिक्षक तेवढे टेबलापाशी बसवावे.

महाराष्ट्राकडे पाहिले तर उदाहरणे घरचीच आहेत. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात असताना मुष्टियुद्ध खेळत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे बळ गेले. ते पाण्यात उतरले, आणि 1972 साली हायडेलबर्ग येथे 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक त्यांनी मिळविले. पद्मश्री मिळावयास मात्र 2018 साल उजाडले. त्याच जिल्ह्यातील करगणीचा सचिन खिलारी, शाळकरी वयात सायकलच्या अपघाताने डावा हात अधू झालेला, 2024 साली पॅरिस येथे 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक घेऊन आला. पहिला आलेला खेळाडू 16.38 वर होता, म्हणजे फरक सहा सेंटिमीटरांचा. त्याच पॅरिसमध्ये नागालँडच्या होकाटो सेमाने बसून गोळा फेकला व कांस्यपदक जिंकले. सुरुंगाच्या स्फोटात त्याचा पाय गेलेला. बसून फेकणाऱ्यांसाठी जमिनीला पक्की बांधलेली चौकट असते, तिची बैठक गादीसकट 75 सेंटिमीटरांहून उंच चालत नाही. अशी चौकट आपल्याकडचा कोणताही कसबी वेल्डर मापे दिल्यास सरावापुरती करून देईल. आणि मल्लखांबाचे तर काय सांगावे! दादरच्या शिवाजी पार्कवर उदय देशपांडे ह्यांनी दिव्यांगांनाही मल्लखांबावर चढविले. 2024 साली त्यांस पद्मश्री मिळाली.

हे सारे खरे, पण स्पर्धेच्या जागी काय घडते? एका शहरातील स्पर्धेत आम्ही पाहिलेला प्रकार सांगतो. व्यासपीठ चांगले चार फूट उंच. पॅरा गटाचे नाव पुकारले की चार स्वयंसेवक धावत, खेळाडूला चाकाच्या खुर्चीसकट उचलून वर नेत, आणि लोक टाळ्या वाजवीत. उचलण्यासाठी आलेल्या माणसाला उचलून नेले जात होते! त्यात दोन मिनिटांपैकी किती गेली हे कोणी पाहिले नाही. सरावाची जागा तर पहिल्या मजल्यावर होती, म्हणून त्या खेळाडूंनी अंग गरम केलेच नाही. अशाने खांद्याचा स्नायू फाटण्याचे भय असते, हे तालमीत गेलेल्या कोणासही ठाऊक आहे.

उतार करावयाचा तर त्याचे प्रमाण बारास एक धरतात. म्हणजे 1.5 फुटाच्या ओट्यास 18 फूट लांब उतार हवा. चार फुटांच्या व्यासपीठास तो 48 फूट होईल, आणि मंडप तेथेच संपेल. म्हणून आमचे मत असे की व्यासपीठच नको. कुस्तीच्या हौद्यात मल्ल खाली असतात आणि प्रेक्षक भोवती उंचावर. ह्या जुन्या रीतीत शहाणपण आहे. सपाट, कठीण जमिनीवर बाक मांडावा, पंच व प्रेक्षक भोवती बसवावे. खुर्ची बाकापर्यंत सरळ यावी, आणि खुर्चीवरून बाकावर कसे जावयाचे हे खेळाडूलाच विचारावे. न विचारता काखेत हात घालून उचलू नये. सरावाची जागा, वजनाची खोली आणि संडास ही तिन्ही त्याच पातळीवर असावीत, आणि संडासाचे दार खुर्ची आत जाण्याइतके रुंद असावे. ह्या शेवटच्या गोष्टीकडे भले भले आयोजक दुर्लक्ष करतात. परिणामी खेळाडू सकाळपासून पाणी पीत नाही, आणि दुपारी त्याच्याकडून आपण ताकदीची अपेक्षा करतो. वजनासाठी मोठा सपाट काटा घ्यावा. खुर्चीसकट वजन करून मग रिकाम्या खुर्चीचे वजा करावे. उसाच्या गाड्या भरलेल्या आणि रिकाम्या तोलणाऱ्या गावाला ही युक्ती शिकवावयास नको.

इतर प्रकारच्या दिव्यांगांसाठी ह्याहूनही कमी लागते. कर्णबधिर खेळाडूला पंचाचा शब्द ऐकू येत नाही, तेव्हा त्याला दिसेल असा हाताचा इशारा करावा, आणि तो इशारा आधी दाखवून ठेवावा. अंध खेळाडूला बारापर्यंत नेऊन बाराचा मध्य हाताला लावून द्यावा. पुढे तो सर्वांच्याच नियमांनी, सर्वांच्याच अरुंद बाकावर उचलू शकतो. त्याच्यासाठी वेगळा गट करण्याचीही गरज नाही.

खर्चाचा प्रश्न निघेल, आणि तो निघावाच. दोन-चार जणांसाठी निराळा बाक कशाला, असे विचारणारे सभासद कंजूष नव्हेत. न्यासाचा पैसा सर्वांचा आहे. त्यांस आमचे सांगणे असे की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 30 मध्ये क्रीडासुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा करण्याचे दायित्व सरकारी यंत्रणेवर टाकले आहे, गुजरातच्या खेल महाकुंभात दिव्यांगांसाठी स्वतंत्र स्पर्धा होतात, आणि गांधीनगरच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात पॅरा पॉवरलिफ्टिंग शिकविले जाते. वर जाण्याची वाट आहे. त्या वाटेची पहिली पायरी, जेथे मुलगा प्रथम बारास हात लावतो, ती मात्र गावातच हवी, आणि ती सरकार बांधून देत नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेस मान्यताप्राप्तच बाक लागतो. सरावास मापाप्रमाणे केलेला मजबूत लोखंडी बाक पुरतो. त्यावर धडधाकट मुलेही सराव करू शकतील.

आणखी एक, जरा अप्रिय. आपल्याला सत्काराची फार हौस. दिव्यांग खेळाडू दिसला की शाल, श्रीफळ आणि उत्तेजनार्थ बक्षीस तयार. कोपर वाकडे राहिले तर लाल दिवा लागलाच पाहिजे, आणि तिन्ही प्रयत्न फसले तर त्या दिवशी बक्षीस नाही. हरलेल्या खेळाडूला पुढल्या वर्षी परत यावेसे वाटते. सत्कार झालेल्याला तसे वाटेलच असे नाही.

प्रवेशपत्रिका मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांत छापाव्या. तीत दिव्यांगत्वाचा प्रकार विचारण्याचा रकाना असतोच; त्याखाली आणखी एक रकाना ठेवावा, ‘आपणांस कोणती व्यवस्था लागेल?’ आणि पत्रिका स्पर्धेच्या निदान महिनाभर आधी घरोघर पोहोचवाव्या, म्हणजे आलेले उत्तर वाचून सुताराला आणि वेल्डरला सांगावयास वेळ राहील.