बोलकें रुपें

जुनीं नाणीं जमविण्याचा छंद बहुधा निरुपद्रवी असतो. परंतु नाण्याचें मोल बाजारभावावरून ठरवावें कीं त्याच्या साक्षीवरून, हा विवेक सुटला म्हणजे इतिहासाची केवढी हानि होते, याचें एक उदाहरण वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

नॉर्मन लोकांनीं 1066 सालीं इंग्लंड जिंकलें. त्यापूर्वीं तेथें अँग्लो-सॅक्सन राजांचा अंमल होता. त्यांचें मुख्य नाणें म्हणजे रुप्याची पेनी. आठव्या शतकांत मर्सियाचा राजा ऑफा यानें तिला प्रतिष्ठा आणून दिली. अशा 240 पेनींचा एक पौंड होई. नाण्यावर राजाबरोबर टांकसाळ्याचेंहि नांव असे, आणि सुमारें 973 सालीं राजा एडगर यानें टांकसाळीच्या गांवाचें नांव घालण्याचा दंडक सर्वत्र केला. खोटें नाणें पाडणाऱ्याचा हात तोडून टांकसाळीवर लावावा, असा कायदा राजा अथेलस्टन यानें त्यापूर्वींच केला होता. पुढें एथेलरेड राजानें डेन लोकांस 991 सालीं 10,000 व 1012 सालीं 48,000 पौंड खंडणी दिली. त्याचीं नाणीं आज इंग्लंडपेक्षां स्कँडिनेव्हियाच्या भूमींत अधिक सांपडतात, तें उगीच नव्हे!

आतां मूळ गोष्ट. 2015 सालीं नवव्या शतकांतील दोन निधि सांपडले. एक ऑक्सफर्डशायरमध्यें वॉटलिंग्टनजवळ, दुसरा हेअरफर्डशायरमध्यें. दोहोंतहि शेजारीं शेजारीं बसलेल्या दोन सम्राटांचें चित्र असलेलीं दुर्मिळ नाणीं होतीं. एकच छाप, पण कांहीं नाणीं वेसेक्सच्या आल्फ्रेडचीं, तर कांहीं मर्सियाच्या सेओलवुल्फचीं. वेसेक्सच्या बाजूनें लिहिलेल्या जुन्या बखरीनें सेओलवुल्फास मूर्ख सेवक म्हणून हिणविलें आहे. हीं नाणीं मात्र तो आल्फ्रेडचा बरोबरीचा मित्र होता असें सुचवितात.

वॉटलिंग्टनचा निधि शोधणाऱ्यानें सरकारास कळविला. 2017 सालीं ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयानें तो 13,50,000 पौंडांस घेतला. तेथील 1996 च्या कायद्यान्वयें अशा प्रसंगीं शोधणाऱ्यास व भूमीच्या धन्यास मोबदला मिळतो. दुसरा निधि मात्र लपवून विकण्यांत आला. सुमारें 300 नाण्यांपैकीं तीसेकच हातीं लागलीं, आणि 2019 सालीं अपराध्यांस कारावास घडला. परंतु कोणतें नाणें कोणाशेजारीं पुरलेलें होतें, ती साक्ष कायमची बुडाली.

म्हणून आमच्या छंदी वाचकांस एवढेंच विनवितों कीं, नाणें घेतांना त्याची किंमत विचारण्यापूर्वीं तें कोठून आलें हें विचारावें.