तारनाक्याची गाडी: रोख, कर्ज की महिन्याच्या भाड्याने?



आपल्या एका बोटमालकाच्या पोराने हैदराबादहून एका गाडीचे फोटो पाठवलेत. पोरगा तारनाक्याला राहतो. २०१९ ची डिझेल गाडी, एकच मालक, सव्वापाच लाख सांगतात. वडील फोटो घेऊन सोसायटीत आले आणि म्हणाले, "सीझनचे पैसे आहेत, रोख देऊन मोकळा होतो, व्याजाची कटकट नको." त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण नारळी पौर्णिमेपासून असे चार जण विचारून गेलेत.

आधी गाडीचं बोलू. हैदराबादची गाडी बघायची हे डोकं चांगलं आहे. आपल्याकडे खाऱ्या हवेत पाच वर्षांत दाराच्या खालची पट्टी आणि सायलेन्सर खाल्ला जातो. तिकडे समुद्र नाही, पत्रा टिकतो. त्यात तारनाका म्हणजे शेजारी उस्मानिया विद्यापीठ, आयआयसीटी, पोषण संस्था. नोकरदार, निवृत्त माणसांची वस्ती, त्यामुळे कमी फिरलेली गाडी मिळू शकते. पण ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत मोठा पूर आला होता, अनेक भागांत गाड्या पाण्यात होत्या. २०२० च्या आधीची गाडी असेल तर सीटखालची रेल गंजलीय का बघा, मॅट उचलून चिखल शोधा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून वास घ्या. सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्डही काढायला सांगा. नंबर 'एपी'चा असेल तर हैदराबादची ती गाडी २०१४ ची किंवा त्याआधीची आहे, मग विकणारा काहीही वर्ष सांगो. नंतर 'टीएस' आलं आणि मार्च २०२४ पासून 'टीजी'.

आता सव्वापाच लाखांत काय काय बसत नाही ते ऐका. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवणार तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावाच लागतो, आणि इथला एकरकमी टॅक्स भरावा लागतो. दहा लाखांपर्यंतच्या खासगी गाडीला नवी असताना पेट्रोलवर ११ टक्के आणि डिझेलवर १३ टक्के बसतो, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो. आपल्या सभासदाच्या हिशोबात मी टॅक्स, इन्शुरन्स, टायर, एजंट आणि सोलापूर-मिरज-कोल्हापूर करून आंबा घाटाने गाडी आणायचा खर्च मिळून सव्वा लाख धरला. तिथे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो हातात आला की मोजा, आधी नको.

म्हणजे गाडी पडली साडेसहा लाखांना. तेवढ्यात आपल्या जिल्ह्यातली एमएच नंबरची गाडी मिळते का, हे आधी बघा.

आता पैसे. रोख देण्याचा मोह मला कळतो. पण बोटीच्या माणसाच्या हातातले पैसे हे नोकरदाराच्या बचतीसारखे नसतात. १ जून ते ३१ जुलै बंदी. ऑगस्टला बोट उतरवायची तर इंजिनचं काम, जाळी, डिझेल, बर्फ, रेशन आणि खलाशांची उचल लागते, आणि सगळं पहिला घास यायच्या आधी. ते पैसे गाडीत गेले की माणूस व्यापाऱ्याकडे उचलीला जातो. उचल घेतली की म्हावरं त्यालाच द्यायचं, भाव तो म्हणेल तो. किलोमागे वीस रुपये कमी मिळाले आणि सीझनला दहा टन माल गेला तर दोन लाख गेले. कुठल्या बँकेचं व्याज एवढं आहे सांगा? या व्याजाची पावती मिळत नाही म्हणून ते कोणी मोजत नाही. उतरणीचे पैसे बाजूला ठेवूनही शिल्लक असेल, तर रोख घ्या, त्याहून चांगलं काही नाही. फक्त रोख म्हणजे नोटांचं बंडल नव्हे. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त नोटांनी घ्यायला कायद्याने बंदी आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड. पैसे खात्यातून द्या, पुरावाही राहतो.

कर्जात फसगत होते ती 'फ्लॅट' शब्दावर. चार लाख, चार वर्षं. बँक म्हणते १३ टक्के घटत्या शिलकीवर. हप्ता साधारण १०,७३०, एकूण व्याज १ लाख १५ हजार. दुसरा म्हणतो, "माझ्याकडे फक्त ८ टक्के, फ्लॅट." हप्ता ११,०००, व्याज १ लाख २८ हजार. आठ टक्के तेराला महाग पडलं! म्हणून टक्का विचारू नका, मुख्य तथ्य पत्रक मागा, ज्याला बँकवाले केएफएस म्हणतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने ते बंधनकारक केलंय. त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, तेही त्यातच बघा. जुन्या गाडीचा दर नव्यापेक्षा जास्त असतो, पण नवी गाडी इन्शुरन्सच्या तक्त्यानुसार तीन वर्षांत ३० टक्के आणि पाच वर्षांत ५० टक्के उतरते, हेही विसरू नका.

बंदीतले दोन हप्ते मासे असतानाच काढून ठेवायचे. वरच्या हिशोबात दहा महिने दरमहा २,१५० जास्त. हप्ता चुकला की सिबिल पडतो आणि पुढच्या वर्षी इंजिनच्या कर्जाला अडतं. किसान क्रेडिट कार्डाचे पैसे गाडीला वापरू नका, ते डिझेल-बर्फासारख्या चालू खर्चाचे आहेत.

भाड्याचं, म्हणजे लीज किंवा सबस्क्रिप्शनचं थोडक्यात सांगतो. शहरांत मिळतं, महिन्याला ठरलेली रक्कम, इन्शुरन्स-सर्व्हिस त्यातच. पण किलोमीटरची मर्यादा असते, गाडी कधीच आपली होत नाही, आणि परत देताना डागाचे, वासाचे पैसे कापतात. आपल्या घरची गाडी आणि वास नाही, असं कधी झालंय? हैदराबादच्या पोराला वर्षभरासाठी चालेल. बंदरावर नाही.

एक महत्त्वाचं. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून धंद्याचा माल नेला आणि अपघात झाला, तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. गाडी मुळात म्हावऱ्यासाठीच हवी असेल तर मालवाहू घ्या. मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीची मोटारसायकल, तीनचाकी, इन्सुलेटेड गाडी यांना सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवलेलं आहे. अर्ज चालू आहेत का ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. आधी गाडी घेऊन मग अनुदान मागायला जाऊ नका.

आपले सभासद शेवटी दोन लाख स्वतःचे आणि बाकी कर्ज, असं म्हणताहेत. उतरणीचे पैसे खात्यात तसेच. पोराला इतकंच सांगितलंय की टोकन देण्याआधी तेलंगणा पोलिसांच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर टाक. जुने दंड असतील तर ते विकणाऱ्याने भरायचे. कोणाकडे केएफएस किंवा कोटेशन असेल तर सोसायटीत घेऊन या, सही करायच्या आधी.

— सचिव