अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आईची ऊब

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचे बाळ. त्याच्या त्वचेखाली चरबी अत्यल्प असल्याने त्याचे अंग चटकन गार पडते. दूध ओढण्याची व रोगांशी झुंजण्याची शक्तीही कमी असते. अशा बाळाला जगविणारा एक प्रभावी उपाय मातेपाशीच असतो. तो म्हणजे तिच्या छातीची ऊब.

या उपचाराचा उगम १९७८ साली दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे झाला. इनक्युबेटर अपुरे पडू लागल्याने डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बाळांना मातेच्या उघड्या छातीवर ठेवण्यास आरंभ केला. हीच आजची ‘कांगारू मदर केअर’ होय. बाळाला केवळ लंगोट, टोपी व मोजे घालून मातेच्या छातीशी उभे धरतात, मान एका बाजूस वळवून नाक-तोंड मोकळे ठेवतात आणि दोघांना मऊ कापडाने बांधतात. त्यामुळे बाळाचे तापमान टिकते, स्तनपान सुलभ होते व जंतुसंसर्गाचा धोका घटतो.

भारतासह पाच देशांत झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलो वजनाच्या बालकांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही सेवा दिल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात, असे त्यात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अत्यवस्थ बालकांचा अपवाद करून ही सेवा लवकरात लवकर सुरू करण्याची व दररोज ८ ते २४ तास देण्याची शिफारस केली.

साहजिकच प्रसूतीनंतर समजावण्यास फारसा अवधी उरत नाही. थकलेली, भेदरलेली माता एवढ्याशा जिवाला हात लावण्यास कचरते. घरातील वडीलधारी मंडळीही ‘बाळ पेटीतच बरे’ असे म्हणतात. म्हणून ही माहिती गर्भवतीला तपासणीच्या वेळीच मिळावयास हवी, आणि तीही पती व सासूबाईंच्या समक्ष. कारण माता आजारी असल्यास वडील वा आजीदेखील बाळाला छातीशी धरू शकतात.

या सेवेस महागडे यंत्र लागत नाही. बाळाजवळ मातेसाठी खाट, रेलून बसण्याची खुर्ची, आडोशाला पडदा आणि समजावून सांगणारी परिचारिका लागते. दानशूर हितचिंतकांनी आपल्या देणगीतील काही वाटा या साध्या सोयींसाठीही राखून ठेवावा, ही नम्र विनंती.